फिरायचं तर तुम्ही फिरा

माझ्या मुलीला लोक समंजस म्हणायचे तेव्हा मला बरं वाटायचं. नातेवाईक म्हणायचे, कंपनीतले सोबती म्हणायचे, बिरवाडीतली घरमालकीण तर येता-जाता म्हणायची. मी मान हलवायचो, जणू तो गुण माझ्याकडूनच तिच्यात उतरला होता. आता कुणी तो शब्द उच्चारला की माझं डोकं फिरतं. शाळेत जाणारी मुलगी समंजस झाली असेल तर तिच्या आजूबाजूच्या मोठ्या माणसांनी आपापली कामं टाकून दिलेली असतात आणि ती तिनं मुकाट्यानं उचललेली असतात. आमच्या घरात तरी तसंच झालं. टाकून देणारा मी होतो.

मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका रासायनिक कारखान्यात ऑपरेटर आहे. बिरवाडीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. बायको आणि मी वेगळे झालो तेव्हा मुलगी आठवीत होती, मुलगा तिच्याहून तीन वर्षांनी लहान. का वेगळे झालो ते लिहीत नाही. दारू नव्हती, मारहाण नव्हती. शेवटी शेवटी एकाच्या चपलेचा आवाज जिन्यावर आला की दुसऱ्याच्या कपाळाला आठी पडायची, एवढं सांगितलं तरी पुरे. ती पोलादपूरला भावाच्या शेजारी खोली घेऊन राहिली आणि एका कापडाच्या दुकानात कामाला लागली.

मुलांचं काय करायचं ते आमच्या गावात ठरलं. आमचं गाव पोलादपूरच्या वर, कुडपणच्या बाजूला डोंगरात. देवळासमोरच्या मंडपात भावकी बसली, बायकोकडची चार माणसं आली, चहा झाला. माझे थोरले काका बोलण्यात पुढे. ते म्हणाले, पोरगा बापाचा, पोरगी आईची, यात भांडायचं काय हाय? पोरगी सुट्टीला बिरवाडीला जाईल, भावाला बघंल, बापाचंही बघंल. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या वेळी दोन्ही मुलं मंडपाबाहेर, चपला काढतात त्या पायरीवर बसली होती. कुणीतरी त्यांना बिस्किटाचा पुडा आणून दिला होता. त्यांना काही विचारावं हे तिथल्या एकाही माणसाच्या मनात आलं नाही. माझ्या तर नाहीच नाही. मुलगा मला मिळाला होता. मी जिंकलो होतो.

मग मुलगी येऊ लागली. माझी सुट्टी शिफ्टप्रमाणे बदलते, कधी मंगळवार, कधी शुक्रवार, क्वचित रविवार. आदल्या दिवशी ती फोन करून विचारायची, उद्या आहे का. शाळा सुटली की पोलादपूरहून एसटीनं महामार्गाच्या नाक्यापर्यंत, तिथून रिक्षानं बिरवाडी. मी रात्रपाळी करून झोपलेला असायचो. जाग यायची तेव्हा फरशी पुसलेली असायची, भावाचा गणवेश धुऊन दोरीवर, दोन दिवस पुरतील एवढ्या भाकऱ्या डब्यात, आमटी झाकून ठेवलेली. दोघं भाऊ-बहीण दारात बसून काहीतरी बोलत असायची आणि मी उठलो की गप्प व्हायची. मी समजायचो, बापाचा मान राखतात. मी कंपनीत सांगायचो, माझी मुलगी मला इतकं धरून आहे की आईकडे राहूनही तिचा जीव माझ्याकडे. सांगताना माझा आवाज भरून यायचा. आज त्या आवाजाची मला किळस येते.

तीन वर्षं असं चाललं. मग गणपतीचं वर्ष आमचं आलं.

आमच्या भावकीचा गणपती एकच. चुलत्यांची घरं वेगळी झाली, चुली वेगळ्या झाल्या, पण गणपती मूळ घरातच बसतो, आणि दर वर्षी एका घराकडे त्याचा सगळा भार असतो. ज्याचं वर्ष त्याची चूल. बाकीच्या घरच्या बायका भाजी चिरायला येतात, नारळ खवून देतात, पण चुलीपुढे उभं राहायचं ते त्या घरच्या बाईनं. गौरीच्या दिवशी सगळी भावकी जेवायला असते. आमच्या घरी बाई नव्हती. चुलतभावानं आधीच विचारलं होतं, या साली आम्ही करतो, तू पुढं कधीतरी कर. त्यात टोमणा नव्हता, मन राखणंच होतं. पण वर्ष सोडायचं म्हणजे माझं घर मोडलंय हे सगळ्या गावासमोर कबूल करायचं. ते मला झेपणारं नव्हतं. मी म्हणालो, "माझी मुलगी आहे की."

तिला न विचारता म्हणालो. नंतर फोनवर सांगितलं. ती म्हणाली, तिची अकरावीची चाचणी आहे. मी म्हणालो, गौरीचा एकच दिवस आहे, आणि चुलतवहिनी असतीलच मदतीला.  मग ती बरं म्हणाली. त्या एका शब्दावर मी खूश होऊन कंपनीत रजा टाकली.

गौरीच्या दिवशी ती पहाटेपासून चुलीपुढे होती. तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, अळूचं फदफदं, खीर. धुरानं डोळे लाल झालेले, कपाळावर पीठ. मी दोनदा आत डोकावलो, एकदा पाणी मागायला आणि एकदा किती वेळ लागेल ते विचारायला. दुपारी पुरुषांची पंगत बसली. माझा मुलगा माझ्या शेजारी. ती भाकऱ्यांची टोपली घेऊन वाढत होती.

थोरले काका भाकरी मोडता मोडता म्हणाले, "आईची उणीव भासू दिली नाय पोरीनं. घराला बाई हाय आता."

चुलतभाऊ म्हणाला, "मग काय. आता याला दुसरी करायची गरजच नाय."

पंगत हसली. मीही हसलो. सगळं लिहायला बसलोय तर हे लिहिलं पाहिजे. मी नुसता हसलो नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असा हसलो.

तिनं टोपली पंगतीच्या मधोमध खाली ठेवली. आवाज चढवला नाही.

"मी यांची बायको नाय," ती म्हणाली. "मुलगी आहे."

हसणारी तोंडं तशीच राहिली.  तिनं सगळ्यांसमोर माझी लाज काढली, एवढंच मला त्या क्षणी कळलं. मी म्हणालो, "तोंड सांभाळ. नुसती आईवर गेलीस."

"आईवर गेले म्हणूनच इतकी वर्षं केलं." मग ती भावाकडे वळली. "चल रे."

तो तेरा वर्षांचा. पानात अर्धी भाकरी, हात खरकटा. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून नको म्हणालो. तो उठला. हात न धुता तिच्यामागे ओटीवरून उतरला. तिनं वळचणीखाली ठेवलेली आपली पिशवी उचलली, चपला पायात सरकवल्या, आणि दोघं पावसात गावाच्या उताराला लागली.

मी पानावर बसून राहिलो. वर्ष ज्याचं तो पंगत अर्धवट सोडून उठला तर ते वाईट दिसतं. "बस बस, जेव, जातात कुठं, येतील फिरून," असं कुणीतरी म्हणालं. वाढायला वहिनी पुढे आल्या. माझ्या वाटीत खीर पडली. ती मी संपवली. त्या खिरीसाठी मी स्वतःला जेवढ्या शिव्या दिल्यात तेवढ्या आयुष्यात दुसऱ्या कुणाला दिल्या नसतील.

पंगत उठल्यावर वहिनी माझ्याजवळ आल्या. एरवी त्या माझ्याशी पदराआडून बोलणाऱ्या. त्या दिवशी नजर वर करून म्हणाल्या, "भावजी, पोर पहाटेपासनं उपाशी हाय. तुम्हाला माहीत तरी व्हतं का?"

माहीत नव्हतं. दोघं खाली डांबरी रस्त्यापर्यंत भिजत चालत गेली आणि भाजीच्या रिकाम्या टेम्पोतून पोलादपूरला पोचली, हेसुद्धा मला फार नंतर मुलाकडून कळलं.

मुलगा परत आला नाही. त्याची शाळा बुडायला लागली. मी मुलीला फोन करायचो, ती उचलायची नाही. त्याला केला तर तो हॅलो म्हणून ठेवून द्यायचा. थोरल्या काकांचा रोज फोन, पोरगा आपला हाय, उचलून आण, बाईमाणसाच्या नादी लागून पोरगं घालवशील. मी पेटलेलाच होतो. ड्युटीवर असताना मनातल्या मनात पोलादपूरला जायचो, दाराशी उभा राहून ओरडायचो, पोराचा हात धरून ओढत आणायचो. आणि खोलीवर आलो की भाकरीचा डबा रिकामा असायचा. मला त्या डब्याचासुद्धा राग यायचा. गणवेश तसाच मळका पडलेला, सिंकमध्ये भांडी, बाथरूममध्ये शेवाळ. आपल्याला पोरगी आठवतेय की तिचं काम आठवतंय, हे मला धड सांगता आलं नसतं. मी भांडी घासली नाहीत. रागारागानं बाहेर वडापाव खात राहिलो.

शेवटी पुन्हा बैठक ठरली, या वेळी पोलादपूरला, बायकोच्या भावाच्या घरी. आमच्याकडून काका, चुलतभाऊ आणि मी, चुलतभावाच्या गाडीतून. समोर तिचा भाऊ आणि त्यांच्या ओळखीचे एक निवृत्त मास्तर. बायको स्वयंपाकघराच्या दारात बसलेली. तीन वर्षांत एवढ्या जवळून मी तिला पाहिलं नव्हतं. केस पांढरे झाले होते. काकांनी सुरुवात केली. तेच शब्द, मंडपातले. पोरगा बापाचा.

तेवढ्यात मुलगी आतून आली आणि खुर्ची ओढून बसली. मामा म्हणाला, "तू आत जा गो. मोठी माणसं बोलतायत."

"मागच्या वेळी आम्ही बाहेर बसलो होतो, मामा," ती म्हणाली. "बिस्किटं खात."

मास्तर म्हणाले, बोलू द्या तिला. ती माझ्याकडे न बघता बोलली. तिनं पाठ केलं असावं, कारण मध्ये एकदा अडखळून पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली. तिचं म्हणणं असं होतं की ती दोघं यापुढे एका घरात राहणार. पोलादपूरला म्हणा, बिरवाडीला म्हणा, तिला दोन्ही चालेल. बिरवाडी म्हणत असाल तर ती कॉलेजला तिथून जाईल. पण दोघं एकत्र.

"आणि भेटायचं असेल त्यानं यायचं," ती म्हणाली. "वेगळे तुम्ही झालात ना? मग फिरायचं तर तुम्ही फिरा. आम्ही पिशव्या घेऊन का फिरायचं?"

काकांनी मांडीवर हात आपटला. "ही ठरवणार काय आता? आम्ही म्हातारे झालो ते काय उगाच?"

चुलतभाऊ म्हणाला, कॉलेजात घातलं की असं होतं. मामाही चुळबुळला.  मुलीनं तोंडावर ओढणी धरली. रडत होती की राग गिळत होती ते मला कळलं नाही. तेव्हा दारामागून मुलगा पुढे आला. तो फार बोलणारा नव्हेच. जमिनीकडे बघत म्हणाला, "नाईट असली की मी खोलीत एकटा असतो. ताई फोन चालू ठेवते, मग झोप लागते."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. "एकटा?"

मी सगळ्यांना सांगितलं होतं की रात्रपाळी असली की घरमालकीण मुलाकडे बघते. ती एखाद्या वेळी दार वाजवून जेवलास का विचारायची, एवढंच. बाकी मी बनवलेलं होतं, आणि मुलालाही तेच सांगायला लावलं होतं. मुलगी रात्री सारखी फोनवर असते, कुणाशी बोलते कोण जाणे, म्हणून मी तिला झापलं होतं. तिच्या मामालाही फोन करून सांगितलं होतं, लक्ष ठेवा, वय वाईट आहे. ती माझ्या मुलाला झोपवत होती. तेही तिनं मला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मी खोटा पडलो असतो, आणि भावाला माझ्या रागाला तोंड द्यावं लागलं असतं.

काका म्हणाले, "बोल रे. पोरगा आपला हाय का नाय?"

मी म्हणालो, "तो इथे राहील."

हे मी शहाणपणानं म्हणालो असतो तर आज ताठ मानेनं लिहिलं असतं. मी रागानं म्हणालो. काकांच्या त्या 'आपला' म्हणण्याचा राग, पंगतीत हसलेल्या चुलतभावाचा राग, बायकोसमोर उघडा पडलो त्याचा राग, आणि दोन पोरं माझ्यावाचून एकमेकांना धरून उभी होती याचा तर सगळ्यात जास्त. काका उठले. पायात चपला घालता घालता म्हणाले, यापुढं बैठकीला आम्हाला बोलावू नको. चुलतभावानं गाडी काढली आणि दोघं मला तिथेच सोडून गेले. बायको आत निघून गेली. मुलीनं मला पाणीसुद्धा विचारलं नाही. मी स्टँडवर जाऊन एसटीची वाट बघत बसलो.

तेव्हापासून मी जातो. मुलीनं अटी घातल्या, त्या मास्तरांच्या तोंडून माझ्यापर्यंत आल्या. मुलांना सुट्टी असेल त्याच दिवशी यायचं. आई दुकानात गेल्यावर यायचं, ती परतायच्या आत निघायचं. आणि आल्यावर दुपारचा स्वयंपाक मी करायचा. "मी करणार नाय," असा तिचा निरोप मास्तरांनी जसाच्या तसा सांगितला आणि वर हसू दाबलं.

मला स्वयंपाक येत नव्हता. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, घर मोडून तीन वर्षं झालेली, आणि डाळीत पाणी किती घालायचं ते माहीत नाही. पहिल्या खेपेला भात करपला. दोघांनी वरचा वरचा खाल्ला. आपण सोडलेल्या बायकोच्या चुलीवर तिची भांडी वापरून रांधायचं म्हणजे काय असतं ते ज्यानं केलं नाही त्याला सांगून उपयोग नाही. तिचा मिठाचा डबा अजून तोच होता, निळ्या झाकणाचा. गावात बातमी पोचायला वेळ लागला नाही. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये एकानं विचारलं, सासुरवाडीला आचारी लागलास म्हणे, पगार काय देतात? मी त्याच्या ताटात पाणी ओतलं. सुपरवायझरनं मला बोलावून समज दिली.

माझा राग गेलेला नाही. लोकांना वाटतं, चूक कळली की माणूस शांत होतो. माझं तसं झालं नाही. गेल्या महिन्यात एका सोबत्याला विनवून, त्याची रात्रपाळी स्वतःवर घेऊन मी रविवारची सुट्टी मिळवली. रात्रभर ड्युटी करून, खोलीवर न जाता, तसाच पोलादपूरला गेलो. भेंडी आणि सुरमईचे तुकडे पिशवीत. दार उघडलं तर दोघं बाहेर जायच्या कपड्यांत. तिच्या कॉलेजची मुलं मिळून आंबेनळी घाटाकडे निघाली होती, भावाला ती सोबत नेत होती.

"तुम्हाला सांगायचं राहिलं," ती म्हणाली.

मी भडकलो. दारातच. मी ड्युटी बदलून आलोय, रात्रभर डोळ्याला डोळा नाही, एक फोन करता येत नाही का, बाप म्हणून काही किंमत आहे की नाही. शेजारच्या खिडकीचा पडदा हलला. तिनं माझं सगळं बोलून होईपर्यंत ऐकून घेतलं.

"पप्पा," ती म्हणाली, "आम्ही तीन वर्षं तुमच्या ड्युटीप्रमाणे होतो. मी यायचे तेव्हा तुम्ही झोपलेले असायचात."

 मुलानं माझ्या हातातली पिशवी घेतली, आत बघितलं. "मासे आणलेत? करून ठेवाल? संध्याकाळी खाऊ."

मग घरात छत्री एकच असल्याचं त्यांच्या लक्षात आलं. तो म्हणाला मी धरणार, ती म्हणाली तू धरलीस की मी भिजते, तू बुटका आहेस. तो म्हणाला, मग तू वाक. तिनं त्याच्या डोक्यात टपली मारली, त्यानं छत्री हिसकावली, ती ओरडली. बिरवाडीच्या खोलीत माझ्या मुलाचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. दोघं भांडत गल्लीच्या टोकापर्यंत गेली. माझ्याकडे मागे वळून कुणी पाहिलं नाही.

मी आत आलो.  मासे धुतले, मीठ-हळद लावली, भात टाकला. तळून झाल्यावर झाकून ठेवले आणि मांजर येईल म्हणून वर वरवंटा ठेवला. बायकोची यायची वेळ व्हायच्या आत कुलूप लावून चावी शेजारी दिली. शेजारीण म्हणाली, "मुलं भेटली का हो?"

"भेटली," मी म्हणालो, आणि पावसात स्टँडकडे चालू लागलो. माझी छत्री बिरवाडीत राहिली होती.